उसोईच्या पायथ्याचं पाणी

५६७ मीटर हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली. १९८४ साल असेल. पाटबंधारे खात्यात लागून दोन वर्षं झाली होती. पावसाळ्यात साइट बंद असली की उपविभागाच्या कपाटातली जुनी तांत्रिक मासिकं मी चाळत बसायचो. त्यातल्या एकात जगातल्या उंच धरणांचा तक्ता होता आणि त्याखाली बारीक अक्षरात टीप: उसोई, पामीर, ५६७ मीटर, निसर्गनिर्मित. आमच्या कोयनेची भिंत १०३ मीटर. लहानपणी तिच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की भिंत आपल्यावर कलतेय असं वाटायचं. तिच्या साडेपाच पट उंच काहीतरी, आणि ते कुणी बांधलेलंच नाही! टीप मी वहीत उतरवून घेतली. प्रत्येक बदलीबरोबर ती वही माझ्यासोबत फिरली आणि २०१८ साली निवृत्त झालो तेव्हा टेबलाचा खण रिकामा करताना पुन्हा हातात आली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, मी ताजिकिस्तानला गेलो, उसोईचं पामीर तिथेच. एकटाच. बायकोनं एकच अट घातली होती, रोज एक निरोप यायला हवा. ती मला पाळता आली नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

कराडात ओळखीचे लोक अजून विचारतात, "साहेब, युरोप सोडून तिकडे काय बघायला गेलात?" मला उसोई बघायचं होतं हे खरं. पण त्यामागचं कारण त्या टिपेहून जुनं आहे.

माझे वडील कोयना प्रकल्पावर फिटर होते. आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत राहायचो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला हलणं आठवत नाही, आवाज आठवतो. ट्रक खडी ओततो तसा, पण न थांबणारा. वडिलांनी मला आणि बहिणीला गोधडीसकट उचलून बाहेर आणलं. काळोख, थंडी आणि नाकातोंडात जाणारी धूळ. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" वडील भिंतीच्या दिशेनं पळाले, कामाचा माणूस तो. आईनं बहिणीला कडेवर घेतलं, माझा दंड धरला आणि कॉलनीमागची टेकडी चढायला लागली. अनवाणी.

धरण फुटलं नव्हतं. भिंतीच्या वरच्या भागात भेगा गेल्या होत्या, पुढे त्या भरून आणि मागून आधार देऊन भिंत भक्कम केली. पण हे त्या वेळी टेकडीवर कुणाला माहीत होतं? उजाडेपर्यंत सगळी माणसं खालच्या काळोखाकडे तोंड करून उभी होती, पाण्याचा आवाज येतोय का ते ऐकत. त्या पहाटे दीडशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंतींखाली. आई त्या रात्रीबद्दल पुढे कधी बोलली नाही. मी इंजिनिअर झालो, धरणांवरच नोकरी केली, तरीही नाही.

आता उसोईबद्दल.

१८ फेब्रुवारी १९११ च्या रात्री पामीरमध्ये मोठा भूकंप झाला आणि मुर्गाब नदीच्या दरीत एक अख्खी डोंगरबाजू सुटली. सुमारे दोन घन किलोमीटर दगडमाती खाली आली. उसोई नावाचं गाव माणसांसकट त्याखाली गेलं. ही जागा इतकी आडबाजूला की बाहेर खबर पोचायला काही आठवडे गेले. नदी अडली. पाणी चढत राहिलं आणि वरच्या अंगाला असलेलं सरेझ गाव काही महिन्यांत बुडालं. त्या गावचे लोक निघून गेले. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेली मी पाहिली आहेत, पुनर्वसनाच्या फायली हाताळल्या आहेत, त्यामुळे सरेझच्या लोकांसाठी मला धरणग्रस्त हाच शब्द सुचतो. फरक इतकाच की त्यांना नोटीस द्यायला कुणी नव्हतं.

बुडालेल्या गावाचंच नाव तलावाला मिळालं. सरेझ तलाव आज साठ किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि जास्तीत जास्त खोली पाचशे मीटर. त्यात साधारण १६ घन किलोमीटर पाणी आहे. आपल्या हिशेबात साडेपाचशे टीएमसीच्या पुढे. कोयनेची साठवण १०५ टीएमसी. म्हणजे पाच कोयना भरून वर उरेल इतकं पाणी, सव्वातीन हजार मीटर उंचीवर, एका कोसळलेल्या डोंगरामागे थांबलेलं आहे. त्याला सांडवा नाही, दरवाजे नाहीत, आतून तपासायला गॅलरी नाही. पाणी बाहेर पडतं ते त्या ढिगाच्या पोटातून पाझरून, सेकंदाला सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे सोळाशे क्युसेकच्या आसपास. माथा पाण्याच्या वर जेमतेम पन्नास मीटर. शिवाय तलावाच्या उजव्या काठावर एक मोठा उतार अस्थिर आहे. तो एकदम पाण्यात सुटला तर उठणारी लाट माथ्यावरून जाईल का, यावर तज्ज्ञ कित्येक वर्षं खल करताहेत.

आणि या सगळ्याच्या खाली, मुर्गाब पुढे बार्तांग होते त्या दरीत, माणसं राहतात.

मुंबई-दुबई-दुशान्बे असा प्रवास झाला. ई-व्हिसा ऑनलाइन मिळाला, गोर्नो-बदख्शान प्रांतात शिरायचा परवानाही त्याच अर्जात मिळाला. सरेझ तलावापर्यंत जायला मात्र आणखी वेगळी परवानगी लागते. ती इथूनच मागितली होती. दुशान्बेत तीन दिवस रोज सकाळी "उद्या" हे एकच उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी ठरवलं, परवानगी आली तर मागून येईल, आपण निघू. ती आली नाही. म्हणजे मी उसोई बघितलेलं नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगतो. पस्तीस वर्षं वहीत बाळगलेली गोष्ट डोंगराच्या एका वळणापलीकडे राहिली. याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

दुशान्बेहून पूर्वेला निघालं की पहिल्याच दिवशी नुरेकचा जलाशय लागतो. नुरेक मातीचं धरण आहे, उंची ३०० मीटर, १९८० साली पूर्ण झालेलं. आम्ही सातारा जिल्ह्यात मातीची धरणं बांधली तेव्हा काळ्या मातीचा गाभा, मुरमाचं कवच, वर दगडाचं पिचिंग हे सगळं पन्नास-साठ मीटरच्या हिशेबात करत होतो. तीनशे मीटरचा गाभा दाबून बसवायचा म्हणजे किती रोलर, किती पाणी, किती वर्षं! चालकाला गाडी थांबवायला लावून मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो. बाकीचे प्रवासी खाली उतरून कलिंगड खात होते. त्यांनी घाई केली नाही.

पुढचा रस्ता पांज नदीच्या काठाकाठानं जातो. पलीकडे अफगाणिस्तान, कधी कधी तर हाक ऐकू जाईल इतकं जवळ. तिकडच्या कड्यात कोरलेल्या पायवाटेवरून गाढवावर सरपण घेऊन जाणारा माणूस दिसतो, गच्चीवर वाळत टाकलेले जर्दाळू दिसतात. तिथेही त्याला झर्दोलू म्हणतात. तुतीला तूत. चालकानं मला आकडे शिकवले: यक, दू, से, चोर, पांज, शश, हफ्त, हश्त, नूह, दह. पांज म्हणजे पाच, हेच नदीचं नाव. हफ्त म्हणजे सात, आपला हप्ता तिथलाच. जमीन, बाजार, दुकान, हवा, ताजा, गरम असे शब्द मी एकामागून एक टाकत गेलो आणि तो स्टिअरिंगवर हात आपटून प्रत्येकाला "हा!" म्हणत गेला. इंग्रजी त्याला बऱ्यापैकी येत होतं. रुशानला पोचेपर्यंत त्यानं मला "अमक", म्हणजे काका, म्हणायला सुरुवात केली होती.

रुशानला बार्तांग नदी पांजला मिळते आणि आमची गाडी आत वळली. इथून पुढे त्याचीच जुनी रशियन जीप, आणि आम्ही दोघं. बार्तांगचा रस्ता दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे वाहून जातो. कारण मला तिथे उभं राहून समजलं. सकाळी ज्या नाल्यात घोट्याएवढं पाणी असतं, तोच दुपारी तीननंतर मांडीएवढा होतो, आणि पाणी करड्या रंगाचं, आत दगड गडगडतायत. वर हिमनदी उन्हानं वितळते, ते पाणी खाली यायला दुपार होते. म्हणून तिथले चालक पहाटे निघतात आणि दुपारनंतर नाला ओलांडत नाहीत. आपल्याकडे पूर चोवीस तासांच्या पावसावर मोजतात, तिथे तो घड्याळावर येतो. एका नाल्याला आम्हाला तीन वाजून गेले. त्यानं एक काठी पाण्यात रोवली, खूण बघितली, दहा मिनिटांनी पुन्हा बघितली आणि गाडी बंद केली. रात्र तिथल्याच गावात काढली. फोनला रेंज नव्हती. पुढचे तीन दिवस ती मिळणार नव्हती, आणि बायको इकडे तीन रात्री झोपली नाही. हे तिनं मला परत आल्यावर सांगितलं, रागानं नाही, अगदी हळू आवाजात.

बार्चिदेव गाव मुर्गाबच्या काठावर आहे, उसोईच्या खालचं सर्वांत जवळचं गाव. मोजकी घरं, पॉपलरची झाडं, दगडी बांध घातलेले गव्हाचे तुकडे. खळ्यावर मळणी चालली होती, बैल गोल फिरत होते. ज्या घरी उतरलो तिथे आजोबा, आजी, सून आणि तेरा-चौदा वर्षांची नात. मुलगा रशियात कामाला. त्या दरीतल्या बहुतेक घरांचे मुलगे रशियात आहेत. नात शाळेत इंग्रजी शिकलेली, चांगलं बोलणारी. चालक झोपायला गेला आणि संध्याकाळची बोलणी तिच्यामार्फत झाली.

पामिरी घर आत शिरल्यावर मी आधी छताकडेच बघितलं. मधोमध उजेडाची खिडकी, चार लाकडी चौकोन एकावर एक तिरके रचलेले, वर जाताना लहान होत जाणारे. त्याला चोरखोना म्हणतात, चार खाने. पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी असा त्याचा अर्थ सांगतात. छताला पाच खांब, आणि ते पाच नावांचे: मुहम्मद, अली, फातिमा, हसन, हुसैन. तिथले लोक इस्माइली आहेत. मला अर्थाच्या आधी बांधणी दिसली. छताचा भार खांबांवर आहे, भिंतींवर नाही. खांब-तुळया कुसू-साळ्यानं जोडलेल्या. १९९३ ला किल्लारीत पंचनाम्याच्या कामावर असताना हात-हातभर जाडीच्या दगडी भिंती माणसांवर पडलेल्या मी बघितल्या आहेत, म्हणून अशा जागी माझा हात आपोआप सांध्यावर जातो. आजोबांनी ते पाहिलं. उठून माझ्याजवळ आले आणि एका खांबावर थाप मारून म्हणाले, "जमीनजुंबी."

नात भाषांतर करायला तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "जमीन." आणि हात हलवून दाखवला. भूकंप.

मग त्यांनी ७ डिसेंबर २०१५ ची दुपार सांगितली. ७.२ चा धक्का, केंद्र सरेझच्या जवळच. दरीत शेकडो घरांचं नुकसान झालं. या घराची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, पण पाचही खांब जागेवर राहिले. ती नवी भिंत त्यांनी मला दाखवली, मातीचा रंग अजून वेगळा दिसत होता. बर्फात सगळं गाव वर गेलं आणि रात्रभर तिथेच थांबलं, कारण डोंगर सुटला असेल तर पाणी येईल. "सरबंद," असं म्हणून त्यांनी दरीच्या वरच्या बाजूला बोट केलं. धरणाला ते सरबंद म्हणतात. मी म्हणालो, "बंधारा." ते हसले आणि दोन्ही शब्द एकदा म्हणून बघितले, सरबंद, बंधारा.

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही डिसेंबर होता. नातीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजीनं हातातलं काम थांबवलं. मग काही न बोलता शीरचोयचा वाडगा भरून माझ्यापुढे ठेवला. दूध, चहा, मीठ, वर लोणी, आणि त्यात रोटीचे तुकडे कुस्करायचे. खारट चहा जिभेला आधी परका लागतो. दुसऱ्या वाडग्याला मी स्वतःच रोटी कुस्करली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. हेच मला मुख्यतः लिहायचं आहे.

मातीच्या धरणाला पाझर असतोच. पाझर नाही असं धरण मी तरी पाहिलेलं नाही. पायथ्याला दगडी चर असतो, त्यात पाणी जमतं, पुढे व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, बसवून ते मोजतात. आमचे जुने कार्यकारी अभियंता नव्या पोरांना सांगायचे, किती येतंय हे नंतर मोजा, आधी कसं येतंय ते बघा. काचेच्या ग्लासात घ्या, उजेडाला धरा. नितळ असेल तर धरण घाम गाळतंय, काळजी नाही. गढूळ असेल तर धरणाच्या पोटातली माती निघायला लागली, मग रात्र कुणाचीही असो, फोन करा. छत्तीस वर्षांत शेकडो वेळा मी तसा ग्लास उजेडाला धरला असेन. एकदाच, एका पाझर तलावाखाली, पाणी दुधाळ दिसलं होतं. त्या रात्री वाळूची पोती टाकताना हातांची कातडी गेली होती. तलाव वाचला.

बार्चिदेवपाशी जी नदी वाहते ते सगळं उसोईच्या पोटातून आलेलं पाणी. आदल्या दिवशी वाटेत घुदारा नदी बघितली होती, ती सिमेंटच्या कालवणासारखी करडी. इथे मात्र पाणी निळसर हिरवं, तळाचे गोटे मोजता येतील असं. हिमनद्यांचा गाळ सगळा मागे तलावात बसतो आणि पाणी गाळून निघतं. मी कराडहून काचेची एक लहान बाटली नेली होती, याच कामासाठी. ती भरली. हात मनगटापर्यंत बधिर झाला. बाटली पुसली आणि सूर्याकडे धरली.

एक कणही नव्हता. बाटलीतून पलीकडचा पॉपलर स्वच्छ दिसत होता, फक्त उलटा. १९११ पासून हा ढीग पाझरतोय आणि पाणी असं आहे. मी ती बाटली बराच वेळ धरून उभा होतो. धरण दिसलं नव्हतं, पण धरणाची नाडी हातात होती असं वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते थंडीनं नव्हे.

नात मागे येऊन उभी राहिली होती. काय बघताय, तिनं विचारलं. मी सांगितलं, नितळ आणि गढूळ. तिनं बाटली घेतली, स्वतः उजेडाला धरली, आणि मान डोलावली. मग म्हणाली, "आम्हीही रोज बघतो. आजोबा रोज सकाळी इथे येतात." त्यांना हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या वडिलांनी."

तिनं मग मला वरची जागा दाखवायला नेलं. दोन हजारनंतरच्या दशकात या दरीतल्या गावांत इशारा यंत्रणा बसवली गेली, भोंगा वाजला की कुठे जायचं ते प्रत्येक गावाचं ठरलेलं आहे, आणि वर तंबू, पांघरुणं, खाण्याचे जिन्नस ठेवलेले असतात. शाळेत त्याचा सराव होतो. वाट गावामागून उभी चढते, घसरड्या खडीतून. "मी नऊ मिनिटांत जाते," ती म्हणाली. "आजी अठरा. आजोबांना पंचवीस लागतात, म्हणून सरावाच्या दिवशी ते आधीच निघून बसतात, पण मी त्यांना सांगते, खऱ्या वेळी आधी कसं कळणार?" मला एकतीस मिनिटं लागली. उंचीची सवय नव्हती, दोनदा बसावं लागलं. तिनं घड्याळ बघितलं आणि तो आकडा लक्षात ठेवला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

वर दगडावर बसल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या धरणाखाली जी गावं आहेत, त्यांना किती मिनिटं मिळतात?"

मला उत्तर देता आलं नाही. पूर किती वेळात कुठे पोचेल याचे तक्ते असतात, आपत्कालीन आराखडे असतात, मी स्वतः त्यांवर सह्या केलेल्या आहेत. पण खालच्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या दारातून उंचावर जायला किती मिनिटं लागतात, हे मी नोकरीत कधीही, एकदाही, मोजलं नव्हतं. मोजावं हे सुचलंही नव्हतं. मी तिला खरं ते सांगितलं. मग तिला टेकडीची गोष्ट सांगितली, आईची. तिनं लगेच विचारलं, "त्यांना किती मिनिटं लागली?"

तेही माहीत नव्हतं.

बाटली मी निघताना नदीत रिकामी केली. आजींनी वाळलेल्या तुतीची पिशवी दिली, आजोबांनी छातीवर हात ठेवून मान लववली, मीही तसंच केलं. परतीच्या वाटेवर सावनोबचं खडकातलं जुनं गाव बघितलं, खोरोगला दोन दिवस राहिलो, छान बाजार आहे. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला मी कोयनानगरला गेलो. पहाटे नाही, सकाळी आठला. आमची चाळ आता नाही, पण टेकडी आहे आणि तिची वाट मला पाय ठेवताच ओळखू आली. जिथे आमचं दार होतं अंदाजे तिथे उभं राहून घड्याळ लावलं आणि चढलो. सतरा मिनिटं. वर उभं राहून भिंत दिसते. तिच्याकडे बघतच मी बार्तांगच्या चालकाला फोनवरून संदेश पाठवला, तो त्या गावात जाईल तेव्हा नातीला सांगेल म्हणून: सतरा मिनिटं. उजेडात, बूट घालून, एकट्यानं.

उत्तर यायला जवळपास महिना लागला, रस्ता बर्फानं बंद होता. चालकानं लिहिलं होतं, "ती विचारते, अंधारात, अनवाणी आणि दोन मुलं घेऊन?"

आई २००६ साली गेली, वडील त्याच्याही आधी. मी बहिणीला फोन लावला. ती तेव्हा चार वर्षांची होती आणि आईच्या कडेवर होती. मिनिटांचं तिला काय आठवणार. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिची मान घामानं चिंब झाली होती रे. एवढ्या थंडीत. माझा हात सारखा निसटत होता."